शिंगावरची मानाची जागा

माणसाने अजून दावं वळलं नव्हतं, त्या काळी नदीकाठच्या म्हशींच्या अंगावरचे गोचीड एक साळुंकी टिपायची. कुणाला कुठे खाजतं ते तिला पाठ होतं. कळपाची म्होरकी चंद्री, तिचा डावा कान आईसारखाच लवकर चिघळतो, हेसुद्धा.

एकदा साळुंकी म्हणाली, "चंद्राक्का, घरट्यात पिल्लं आहेत. ती उडायला लागेपर्यंत मी सकाळचीच येईन."

चंद्री फुरफुरली. "आणि दुपारी चावलं तर? यायचं तर दिवसभर ये. हवं तर माझ्या शिंगावर बस, मानाची जागा देते."

"शिंगावर बसून पिल्लांची पोटं भरत नाहीत, अक्का." साळुंकी उडाली, ती परत फिरकली नाही.

"एवढा मान देऊनही गेली. माजलीय मेली," चंद्री म्हणाली. पण गोचीड फुगत चालले. खोडावर घासून घासून तिचा डावा कान रक्तबंबाळ झाला. तिने बगळ्यांना बोलावलं, कोतवाल पक्ष्याला बोलावलं. साळुंकीची हकिगत ऐकलेलं कुणीही येईना.

मग कावळा आला. "मला पिल्लं नाहीत, घरटं नाही. दिवसभर इथेच बसेन."

चंद्रीला भरून आलं. "याला म्हणतात सेवा!" तिने शिंग पुढे केलं.

कावळ्याने दोन गोचीड टिपले. मग कानामागच्या ओल्या जखमेत चोच घातली. चंद्री कळवळली, मान झटकली, पण तो हलला नाही.

"पुरे रे आता, जा!"

"कुठे जाऊ, अक्का?" चोच पुसत कावळा म्हणाला. "दिवस अजून मावळायचाय."