डावी कोणाची?

यंत्रांना वाचा होती त्या काळी एका पाठशाळेत मृण्मयीने छोटी यंत्रगाडी बांधली आणि तिची आज्ञावलीही स्वतः लिहिली. उत्सवात दिवा घेऊन देवाला प्रदक्षिणा घालण्याचा मान गाडीला मिळायचा होता. पण सरावात ती उलटी फिरली.

"नास्तिक दिसते," पिंजऱ्यातला पोपट म्हणाला.

गुरुजींनी बजावले, "सायंकाळपर्यंत सुधारली नाही, तर मान गेला."

मृण्मयी गाडीवर रागावली. गाडी म्हणाली, "बाई गं, तू 'डावीकडे' लिहिलेस, मी डावीकडे वळले. पण तू माझ्यासमोर उभी होतीस. तुझी डावी ती माझी उजवी."

मृण्मयीने गाडीच्या मागे उभे राहून एकच शब्द बदलला. सायंकाळी प्रदक्षिणा यथासांग झाली.

"गाडीत काय दुरुस्त केलेस?" गुरुजींनी विचारले.

"गाडीत काही बिघडले नव्हते, गुरुजी. मी माझी जागा बदलली."