वाळल्या पानांचे पांघरूण

एका राज्यात थंडी राजाच्याही आधी दरबारात येऊन बसत असे. डोंगरमाथ्यावरचे ते राज्य. मार्गशीर्ष लागला की विहिरींवर बर्फाचे झाकण पडे आणि लोक दगडाने ते फोडून पाणी काढीत. तिथला राजा रणकेतू. अंगावर सात शाली, तरी त्याची हाव काही झाकली जात नसे.

डोंगराच्या पोटात एक उबदार गुहा होती आणि गुहेत एका मांत्रिकाचा खजिना होता. गुहेचे तोंड इतके अरुंद की लहान मुलीशिवाय कोणी आत शिरू शकत नसे. राजाला स्वतःची मुलगी होती. त्याने पाठवली ती भिवरा माळणीची सगुणा, नऊ वर्षांची. "तेवढा सोन्याचा हंडा बाहेर ढकल, तुला चांदीचे पैंजण देतो," तो म्हणाला. पोरीने हंडा ढकलला. हंडा बाहेर आला, पोर आली नाही. हंड्याच्या बुडाला मुळांनी घट्ट धरून राहिलेले नेच्याचे एक हिरवे रोप तेवढे बाहेर आले.

मग मांत्रिक गुहेच्या तोंडाशी प्रकट झाला.

"राजा, हे रोप म्हणजेच ती मुलगी. जिथे खजिना ठेवशील, तिथेच हे लावायचे. उघड्या आभाळाखाली तीन हिवाळे जगले तर मुलगी परत येईल आणि सोन्याची राख होईल. मेले तर सोने तुझे. वाईट हेतूने याला जो हात लावील, त्याचा दगड होईल."

"एवढेच?" राजाने विचारले.

"एवढेच," मांत्रिक म्हणाला आणि गुहा मिटली.

सोने कोठारात गेले. रोप कोठारासमोरच्या अंगणात लागले. भिवरा रोज सकाळी तिथे येई, रोपाशी बोले, मुळाशी पाणी घाली. तिला एकच गोष्ट हवी होती: तीन हिवाळे.

पहिल्या हिवाळ्याच्या तोंडाशी नेच्याची जुनी पाने तांबूस झाली, वाळली, खाली लोंबू लागली. राजा सज्जात उभा होता. तो हसून म्हणाला, "भिवरे, तुझी लेक आमच्या अंगणात अशी झिपरी उभी? आईने वेणीफणी करायला नको?"

भिवरा शरमेने मेली. ती माळीण होती खरी, पण तिच्या हातची झाडे इथली, काटक. नेचा तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने कातर आणली आणि एकेक वाळके पान बुडापासून कापले, अगदी हळूच, गुंता सोडवावा तसे. तिचा हात दगड झाला नाही. शापाला हेतू कळत होता, परिणाम कळत नव्हता.

त्याच आठवड्यात हिमकण पडले. रोपाच्या बुडाशी उघड्या पडलेल्या गड्ड्याची डावी बाजू काळी पडली. भिंतीवर एक साळुंकी येऊन बसली. ती बोलत असे. त्या राज्यात काही पक्षी बोलत.

"माळणीबाई, हे काय केलेस? नेच्याची जुनी पाने गळत नाहीत. ती काळजावर वाकून राहतात. ते तिचे पांघरूण होते."

भिवराने कातर विहिरीत टाकली. उरलेल्या अर्ध्या गड्ड्यावर पालापाचोळा रचला आणि चैत्रापर्यंत ती तिथून हलली नाही. चैत्रात कोंब आले, ते फक्त उजव्या बाजूला.

दुसऱ्या हिवाळ्यात राजाने हुकूम काढला की अंगणात वाळका पालापाचोळा दिसता कामा नये. झाडूवाल्यांनी अंगण लख्ख केले. साळुंकी म्हणाली, "तिची पाने आत वाकव. वर कोरडे गवत घाल, पण दाबू नकोस. ओले गवत नको, कुजेल." कोरडे गवत त्या दिवसांत एकाच ठिकाणी होते, भिवराच्या झोपडीवर. तिने छप्पर उतरवले आणि लेकीवर घातले. त्या वर्षी बर्फ तिच्या अंथरुणात पडला. खोकला जडला तो जडलाच.

तिसऱ्या हिवाळ्यात राजा एकाएकी दयाळू झाला. त्याने रोपाभोवती बारा शेगड्या ठेवल्या. पेटवणाऱ्या नोकरांनाही ती दयाच वाटली, म्हणून त्यांचे हात शाबूत राहिले. ऐन पौषात ऊब लागली आणि गुंडाळलेला एक कोवळा कोंब डोके वर काढू लागला. भिवराला आनंदाने रडू फुटले.

"रडू नकोस, विझव," साळुंकी म्हणाली. "आता जागी झाली तर उद्या राजा शेगड्या उचलील आणि कोवळेपणीच ती गारठून मरेल. तिला झोपू दे."

भिवराने ओंजळी भरभरून बर्फ टाकला आणि बाराही शेगड्या विझवल्या. कोंब थांबला.

"राजाची आग विझवलीस," रणकेतू म्हणाला. "या हिवाळ्यात तुझ्या चुलीत विस्तव दिसता कामा नये. जो निखारा देईल त्याचे घर जाळीन."

कोणीही निखारा दिला नाही. कोणाकोणाची नावे घ्यायची? घर प्रत्येकालाच होते. भिवराच्या पायाची बोटे काळी पडली, पण रोज सकाळी ती खुरडत अंगणात येई आणि गवत कोरडे आहे का ते चाचपून पाही.

चैत्र आला. गवताखालून कोंब उठला आणि उलगडू लागला. कोठारातून राखेचा वास येताच राजाचे भान गेले. तो कोंब उपटायला धावला. आधी हात दगड झाला, मग खांदा, मग उरलेला राजा. गादीवर त्याची मुलगी बसली. तिने पहिला हुकूम काढला तो घरोघरी निखारा पोचवण्याचा. राज्य सुरळीत झाले, विहिरी मोकळ्या झाल्या.

आणि नेच्याच्या जागी सगुणा उभी राहिली. नऊ वर्षांचीच. तिचा डावा हात कोपरापासून नव्हता.

तिने विचारले, "पहिल्या हिवाळ्यात माझे पांघरूण कोणी काढले?"

जमलेल्या सगळ्यांनी दगडाच्या राजाकडे बोट दाखवले. भिवराने नुसती मान हलवली असती तरी भागले असते. साळुंकीही गप्प होती.

"मी काढले," भिवरा म्हणाली. "तो नुसता बोलला. कातर माझी होती."

"मी ओरडत होते, आई. नको, नको म्हणत होते."

"मला ऐकू आले नाही गं."

सगुणा आईबरोबर घरी गेली. तिने आईच्या काळ्या पडलेल्या बोटांना शेक दिला, औषध लावले, जन्मभर तिला सांभाळले. कोणी नावे ठेवावीत असे काही केले नाही. पण एका हाताने वेणी घालता येत नाही. भिवरा रोज सकाळी तेल आणि फणी घेऊन उंबऱ्यावर बसे, आणि सगुणा मोकळ्या केसांनी तिच्या समोरून पाण्याला निघून जाई.