इनामदारांच्या पडवीत रुसलेलं वऱ्हाड

चाक सुटलं! भिवा कुंभाराच्या लग्नाची बैलगाडी उतारावर एका अंगाला बसली आणि सुटलेलं चाक गडगडत थेट इनामदारांच्या पडवीत घुसलं. इनामदार पान खात बसले होते. चाकानं त्यांचं पिंक टाकायचं तस्त उडवलं, आणि त्यातलं सगळं रंगीत पाणी त्यांच्याच कोऱ्या अंगरख्यावर!

"धरा त्यांना! बसवा सगळ्यांना इथं!" इनामदार गरजले.

नवरदेवाचा बाप म्हादबा पाया पडला. "सरकार, दोन कोसांवर लग्न आहे, गोरज मुहूर्त आहे! व्याही फार तापट. मुहूर्त टळला तर मांडवातलाच दुसरा मुलगा उभा करतील!"

"करू देत! मी हुकूम फिरवत नसतो. मीच हात जोडून तुम्हाला 'निघा' म्हणालो, तरच जा!" स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन इनामदार अंगरखा बदलायला गेले.

म्हादबा डोक्याला हात लावून बसला. मुंडावळ्यांआड भिवाचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला नवरी मनापासून आवडली होती! त्याची थोरली बहीण सारजा करवली म्हणून नटली होती. ती मात्र पडवी न्याहाळत होती. मग ती वऱ्हाडातल्या आत्याबाईंच्या कानाला लागली. रुसण्यात आत्याबाईंचा हात धरणारं दहा गावांत कोणी नव्हतं.

इनामदार बाहेर येतात तो आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"यांना काय झालं?"

"रुसल्यात, सरकार. पाय धुवायला गरम पाणी आलं नाही," सारजा म्हणाली.

"ते मी का द्यावं?"

"अहो, असं काय करता! वऱ्हाड तुम्ही उतरवून घेतलंत, म्हणजे हा आमचा जानवसा. जानवसा देतात मुलीकडचे. आणि आम्ही तर मुलाकडचे!"

कट्ट्यापाशी जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आतून इनामदारीणबाई कडाडल्या, "अहो, दारात वऱ्हाड रुसून बसलं तर गावात तोंड कुठं दाखवू?"

झालं! गरम पाणी आलं. आत्याबाईंना ते चटका देणारं वाटलं. गार आलं, तर हुडहुडी भरली. काकांना लोड हवा, मामांच्या विड्यात चुना जास्त! भिवालासुद्धा जोर चढला.

"मला पुरणपोळी नको, मांडे हवेत!"

इनामदारांचा दुसरा अंगरखाही घामानं भिजला. तेवढ्यात आत्याबाईंनी जाहीर केलं, "मनासारखा मान झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही. महिना लागो!"

"बाई, हात जोडतो, निघा!" इनामदार कळवळले.

"ऐकलंत ना, बाबा? उठा!" सारजा म्हणाली.

इनामदार आपल्याच जोडलेल्या हातांकडे बघत राहिले, आणि असे हसले की पोट धरून खालीच बसले. लोहारानं चाक बसवलं. वऱ्हाड गाडीत चढलं. सारजा हलेना.

"आता काय राहिलं?"

"सरकार, बैल थकलेत. मुलीकडचे कधी रिकाम्या हातानं बोळवण करतात का?"

"सोडा माझी खिल्लारी जोडी!" इनामदार पुन्हा खदखदून हसले. "आहेर म्हणून दिली!"

जोडी जुंपली तेव्हा सूर्य कासराभर वर होता. भिवाचा जीव भांड्यात पडला. गाडी सुटली तसे इनामदार मागून धावत ओरडले, "सारजाबाई, पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याचं लग्न आहे! आम्ही मुलाकडचे! आत्याबाईंना घेऊन नक्की या!"