टाइपरायटरबंदीची पाटी

अमेरिकेतल्या एका लॉ कॉलेजात प्रोफेसर व्हिटकोम राज्यघटना शिकवत. त्यांचा हेका एकच: घटनेतला शब्द ज्या दिवशी लिहिला, त्या दिवशीचाच त्याचा अर्थ खरा. काळ बदलला म्हणून अर्थ ताणणाऱ्याच्या पेपरावर ते सरळ शून्य ठोकत.

नाशिकच्या शाल्मली रहाळकरचं मनगट मोडलं होतं, म्हणून ती वर्गात लॅपटॉप घेऊन बसली. सरांनी दाराकडे बोट दाखवलं. "चाळीस वर्षांचा नियम आहे माझा. भिंतीवरची पाटी वाचा आणि बाहेर व्हा."

आणखी एक गैरहजेरी लागली की तिची परीक्षाच हुकणार होती. ती उठली आणि पाटी मोठ्याने वाचली, "वर्गात टाइपरायटर आणू नये." मग म्हणाली, "सर, ही पाटी लागली त्या दिवशी लॅपटॉपला कुणी टाइपरायटर म्हणत नव्हतं."

"शब्दाला काय धरून बसलात?" सर खेकसले. "त्यामागचा हेतू बघा. काळ बदलला, यंत्रं बदलली."

शाल्मली खाली बसली आणि एका हाताने टाइप करू लागली.

"हे काय चाललंय?"

"तुमचं वाक्य उतरवून घेतेय, सर. गेल्या पेपरात मी हेच लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही शून्य दिलंत."