ढेकूळ आणि वीट

पूर्वी वेणुपूर नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुमुदतळ्याकाठी, शिंगाडे पिकवणाऱ्यांच्या वस्तीत जन्माला आले होते. भद्रक हे त्यांचं नाव. केस पिकलेले, हातपाय उन्हापाण्याने काळवंडलेले. वस्तीत कुणाचं काही अडलं की लोक त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत.

पण ही गोष्ट भद्रकांची कमी आणि राजाचीच जास्त आहे. राजाला एकुलता एक मुलगा होता, पियाल. राणी बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे बापानेच त्याला मांडीवर घेऊन वाढवलं. नवव्या वर्षी पोराला ताप भरला आणि तीन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. राजाचं अन्नावरून मन उडालं. त्याने एकच ध्यास घेतला: वर्षश्राद्धाच्या आत पोराच्या अस्थींवर विटांचं उंच स्मारक उभं राहिलं पाहिजे. लोक हळहळले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

चांगली वीट पाडायची तर माती चिकण लागते. त्या वर्षी कुमुदतळं तळापर्यंत आटलं होतं. अमात्य पिंगलाने तळाची काळी माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "महाराज, लोण्यासारखी आहे. आणखी कुठे शोधायला नको." दुसऱ्या दिवशी कुदळी पडू लागल्या. काठावर सात भट्ट्या पेटल्या.

वस्तीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. तिथे त्या मातीला कुणी कधी कुदळ लावली नव्हती. उलट मुलगी सासरी निघाली की आटलेल्या तळ्याचं एक ढेकूळ तिच्या पदरात बांधून देत. सासरच्या तळ्यात ती ते आपल्या हाताने सोडी, आणि माहेरचे जीव तिथे नांदायला लागत. पण हे राजाला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे होईना. शेवटी भद्रकच काठी टेकत निघाले.

"महाराज," ते हात जोडून म्हणाले, "खोदाई थांबवा. ती माती जिवंत आहे."

दरबारात हशा पिकला. राजा मात्र हसला नाही. वर्षभर तो हसलाच नव्हता.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" पिंगल म्हणाला. "अरे, जिवंत कशाला म्हणतात ते तरी ठाऊक आहे का? जे श्वास घेतं, खातं, वाढतं, आपणहून हलतं, टोचलं तर आकसतं आणि आपल्यासारखं दुसरं जन्माला घालतं, ते जिवंत. तुझं ढेकूळ यातलं काय करतं?"

"आज काहीच करत नाही. त्यात अंडी आहेत, बिया आहेत. निजून पाण्याची वाट बघतायत."

"असेनात का! चिखल, पाणी आणि ऊन एकत्र आलं की जीव आपोआप उपजतात. हे भाजले तर पुढल्या वर्षी दुसरे होतील."

"नाही होत, अमात्य. जिवापासूनच जीव होतो." भद्रक राजाकडे वळले. "मातीचे दोन परळ, म्हणजे पसरट थाळे, मांडा, महाराज. एकात ढेकूळ ठेवा, दुसऱ्यात त्याच मातीची भाजलेली वीट कुटून घाला. एकाच विहिरीचं पाणी दोनदा गाळून ओता, एकाच उन्हात ठेवा. जीव आपोआप उपजत असतील तर दोन्हीकडे उपजतील."

राजाला हे पटलं. "पाच दिवस देतो," तो म्हणाला.

"तोवर भट्ट्या विझवाल?"

"ते नाही. श्राद्धाला अठरा दिवस उरलेत. माझ्या मुलाचं काम थांबणार नाही."

आता बघा, सत्य काय ते तपासायला राजा तयार झाला, पण तपासून होईपर्यंत थांबायला तयार झाला नाही. शहाणी माणसंसुद्धा इथेच चुकतात.

पिंगलाने आणखी एक अट घातली. ओल्या ढेकळात बाहेरून एखादा किडा शिरलेला असायचा, म्हणून सगळ्यांना मेलेलं वाटेल असंच ढेकूळ हवं. भद्रक उठले. मग घरी जाऊन हळदीच्या फडक्यात बांधलेलं एक ढेकूळ घेऊन आले. तीन वर्षं ते आढ्याला टांगलेलं होतं. पिंगलाने ते खांबावर आपटून पाहिलं, तर दगडासारखं वाजलं.

राजवाड्याच्या अंगणात दोन परळ मांडले गेले. राजा रोज सकाळी येऊन त्यांच्याजवळ बसू लागला. चार दिवस दोन्हीकडे नुसताच गाळ. भट्ट्यांचा धूर अंगणावरून जात होता. पाचव्या दिवशी राजा ढेकळाच्या परळावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाणी स्थिर होतं, पण केसाएवढं काहीतरी त्यात सरकत होतं. एक नव्हे, वीस-पंचवीस.

"धूळ तरंगतेय," पिंगल म्हणाला.

भद्रकांनी परळाच्या अर्ध्या भागावर हात धरला. अंधारातले सगळे कण झपझप उजेडाच्या बाजूला पोहत आले.

विटेच्या परळात काहीच नव्हतं.

राजा तसाच अनवाणी तळ्यावर धावला. "विझवा! विझवा रे!" पण तोवर तळ्याचा एक ईशान्य कोपरा तेवढा शिल्लक होता. बाकीच्या तळाच्या विटा झाल्या होत्या.

तो परत आला आणि विटेच्या परळाजवळ बसला. भद्रक शेजारी जमिनीवर टेकले.

"ते ढेकूळ तीन वर्षं कशाला जपलं होतंस?" राजाने विचारलं.

"माझ्या लेकीचं, नीपाचं होतं ते. लग्न चार दिवसांवर आलं होतं. साप चावला. पदरात बांधायचं राहून गेलं."

"आणि ते तू इथे भिजवलंस?"

"तिच्या हातून पाण्यात पडायचं होतं, महाराज. माझ्या हातून पडलं."

मग राजाने विचारलं, "पहिला जीव कुठून आला रे, भद्रका?"

"ठाऊक नाही. मी एवढंच पाहिलंय की दिव्यावरून दिवा लागतो. पहिला कुणी लावला ते बघायला तेव्हा कुणीच नव्हतं."

जे विचारायचं होतं ते आता बाहेर आलं. "पियालही हलत नव्हता. श्वास नव्हता. मी त्याला चितेवर ठेवलं. मीसुद्धा घाई केली का? थांबलो असतो, तर…"

भद्रकांनी राजाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "नाही, महाराज. तो अग्नी द्यायच्या आधीच गेला होता. तुम्ही त्याला जाळलं नाहीत, त्याचा देह जाळलात. माझ्या नीपाचंही तेच झालं. त्यात तुमचा दोष नाही."

"आणि हे?" राजाने विटेच्या परळाकडे बोट केलं.

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "हे जिवंत होते," भद्रक म्हणाले, आणि त्यांच्याही डोळ्यांना धार लागली.

राजाने स्मारक गुडघाभर उंचीवरच थांबवलं. तरीही तो रोज सकाळी विटेच्या परळाजवळ बसायचा, काही हलतंय का बघायचा आणि विचारायचा, "अजून एक दिवस थांबू?" कुणाला नाही म्हणवेना. श्राद्धाच्या दिवशी त्याने ते पाणी स्वतःच्या हाताने पोराच्या अस्थींवर ओतलं आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडला. ढेकळाचा परळ भद्रकांनी तळं भरल्यावर खणून उजाड झालेल्या बाजूला सोडला. त्या बाजूला पुन्हा बेडूक ओरडायला बारा वर्षं लागली. ते ऐकायला भद्रक नव्हते. राजा होता. तो दर वर्षी तिथे जाऊन कान देऊन बसे.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान, थांबले. विहाराच्या अंगणात चर खणायला निघालेला भिक्षू धम्मिल समोर मान खाली घालून बसला होता. मेलेल्या मातीला कुदळ लावली तर बिघडलं कुठे, असं तोच सकाळी म्हणाला होता. "भिक्षूंनो," शास्ता म्हणाले, "तेव्हाचा अमात्य पिंगल म्हणजे आज आपल्यासाठी रोज पाणी गाळून ठेवणारा उपासक नंदिय. नीपा म्हणजे आज त्याच नंदियाची धाकटी मुलगी. शिंगाडे पिकवणारा भद्रक मीच होतो. आणि तो राजा, धम्मिला, तू होतास."

धम्मिलाने कुदळ उचलली आणि कोठीत ठेवून आला. जे निजलेलं आहे त्याला मेलेलं न समजणं आणि खात्री होईपर्यंत हात आवरणं, हीच करुणा.