म्हाळबाने हातांनी मोजलेलं परडं

म्हाताऱ्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली ही गोष्ट, खरंखोटं त्यांनाच ठाऊक. फार वर्षांपूर्वी बोरवळात म्हाळबा नावाचा मोजणीदार होता. सहा हातांची शिसवी काठी घेऊन तो शेतं मोजायचा. त्यानं आकडा सांगितला की सख्खे भाऊसुद्धा भांडण मिटवायचे. असं म्हणतात, त्याची काठी बघून वाकडा बांध आपसूक सरळ व्हायचा.

आता एवढा मान मिळाला की माणसाची मान जरा ताठ होणारच! मोजणीचा नियमही असा, की काठी पुरी बसली तर धरायची, नाही बसली तर सोडून द्यायची. मोठ्या शेतात हात-दोन हात सुटले, तर कुणाचं काय जातंय?

पण एकदा चिमाक्काच्या परड्यावरून वाद उठला. चिमाक्का विधवा. घरामागच्या त्या चिंचोळ्या पट्टीतली मेथी, वांगी आणि भोपळ्याचा एक वेल, एवढ्यावरच ती दोन लेकींना वाढवत होती. शेजारचा भिकाजी म्हणाला, "जागा माझी!" म्हाळबानं काठी आडवी टाकली. परडं चारच हात रुंद, काठी भिंतीला अडली.

"काठी बसत न्हाई," म्हाळबा पंचांना म्हणाला. "परडं शून्य."

शून्याला मालक कुठला? उद्या भिकाजीनं कुंपण घालावं, असं पंचांनी ठरवलं.

चिमाक्का रडत बसली नाही. तिनं म्हाळबाला वाटेतच गाठलं. "तात्या, परवा तुमच्या घरी भोपळा धाडला, त्यो काय शून्यात पिकला व्हय?"

म्हाळबा घरी आला, तर ताटात त्याच भोपळ्याची भाजी! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो भरल्या ताटावरून उठला आणि पिठाचं मडकं घेऊन थेट परड्यात गेला.

काठी बाजूला टाकून तो गुडघ्यांवर बसला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एकेक हात मोजत, पिठाच्या रेघांनी हात-हातभर चौकोन आखत गेला. पीठ संपलं, तशा आळीतल्या बायकांनी आपापली मडकी आणली. असं म्हणतात, वारा सुटला होता, पण पिठाचा कण हलला नाही. आणि मुंग्या मोजणी होईस्तोवर कडेला रांग धरून थांबल्या.

अठरा हात लांब, चार हात रुंद. चौकोन भरले बहात्तर. मग म्हाळबानं देवळापुढं काठीभर लांब, काठीभर रुंद असा एक चौक आखला आणि त्यातले हातभर चौकोन पंचांकडूनच मोजून घेतले. भरले छत्तीस.

"छत्तीस न् छत्तीस बहात्तर," म्हाळबा म्हणाला. "चिमाक्काचं परडं पुऱ्या दोन चौकांचं हाय. चिमूटभर मीठ मोजाया मी पायली घेऊन गेलो. चुकलं माझं!"

एवढ्या मोठ्या मोजणीदारानं चारचौघांत कान धरले, तेव्हा भिकाजीलाही तोंड वर करवेना. कुंपणासाठी घाईनं रोवून ठेवलेले खुंट त्यानं आपल्याच हातानं उपटले. परडं चिमाक्काचंच राहिलं.

तेव्हापासून बोरवळात म्हणतात, शेताला काठी, परड्याला हात, वाफ्याला वीत. आता फुटांच्या टेपा आल्या. पण अजूनही कुणाचं परडं मोजायचं झालं, की मोजणारा आधी टेप जमिनीवर ठेवतो आणि त्या घरच्या बाईपुढं हात जोडून म्हणतो, "म्हाळबाचं चुकलं, माझंबी चुकंल. चुकलो तर सांगा." ती "मोजा" म्हणेपर्यंत टेपेला कुणी हात लावत नाही.