बामायचा ओला पदर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. खाडीवर अजून पूल नव्हता आणि खारोंड्याच्या माणसाला पलीकडे जायचं तर भरतीची वाट बघत होडीत बसून राहावं लागे, तेव्हाची. खारोंडं म्हणजे मिठागरांचं गाव. बांध घातलेल्या वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी राहिलेलं मीठ लाकडी फळीने ओढायचं, हाच तिथला धंदा. त्या पांढऱ्या लखलखाटात जन्म काढलेल्या माणसांचे डोळे कायम बारीक केलेले असत. पाहुण्यांना वाटे, ही माणसं आपल्यावर चिडलीत. कधीकधी चिडलेली असतही, खोटं कशाला बोला.

या गावात बामाय राहत होती. नवरा ऐन तरुणपणी गेला आणि पदरात एकुलती एक मुलगी राहिली, चांगुणा. तिला बांधावर सावलीत निजवून बामायने मीठ ओढलं, तिला वाढवलं. त्या वर्षांत कधीतरी तिचे डोळे बिघडले. आधी खुपायला लागले, मग आत रेती गेल्यासारखी जळजळ सुरू झाली. सकाळी पापण्या अशा चिकटून बसत की ओल्या बोटाने सोडवाव्या लागत. एका उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की डोळ्यांतलं पाणीच आटलं आहे. टोपलीभर कांदे चिरले तरी टिपूस येईना. शेजारणी म्हणाल्या, बरं आहे बाई तुझं. असं म्हणतात, की तेव्हा बामायसुद्धा हसली होती, आणि डोळ्यांचं हे दुखणं तिने लेकीलाही कधी सांगितलं नाही.

मग चांगुणाचं लग्न ठरलं, खाडीपलीकडच्या गावात.

खारोंड्यात तेव्हा एक रीत होती. नवरी होडीत पाय ठेवायच्या आधी आईने आपले डोळे पदराला पुसायचे आणि तो ओला पदर लेकीच्या कपाळाला टेकवायचा. पदर ओला लागला की लेकीची माहेरची वाट मोकळी राहते, असं मानत. बायका हे काम मोठ्या हौसेने करत. काहींचा पदर तर पिळता आला असता.

बामायने डोळे पुसले. पदर कपाळाला टेकवला. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलारीण शेजारीच उभी होती. तिने पदराचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि गाणं अर्ध्यावर सोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बामे, पदर सुका हाय गो!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चांगुणाने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. लाल होते, पण कोरडे ठक्क.

"आये," ती म्हणाली, "तुना माजा काय बी वाटला नाय?"

बामायच्या काळजात इतकं दाटून आलं होतं, की तिला बोलताच येईना. आणि जे डोळ्यांनी सांगायचं ते डोळे सांगेनात. होडी सुटली. चांगुणाने मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या सणाला माहेरी आली नाही, पुढच्या सणाला आली नाही. बोलावणं धाडलं तर निरोप आला, सुक्या पदराची वाट ती, त्या वाटेने कशाला यावं?

बामाय रोज संध्याकाळी बांधावर उभी राही. पलीकडच्या काठावर चुलींचा धूर दिसे, त्यातला एक लेकीचा. तिला वाटे, नजर लावून बघत बसावं. पण खाडीवरचा वारा लागला की डोळे भगभगून जळत आणि मिटून घ्यावे लागत. मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. लेकीच्या गावाकडे बघणंही तिला सलग मिळत नव्हतं.

शेवटी ती औषध शोधायला निघाली. वैद्याने काजळ दिलं, त्याने डोळे आणखी पेटले. भगताने दंडाला दोरा बांधला, तो दंडालाच राहिला. कुणीतरी सांगितलं, घाटावर धनगरवाड्यात ठकू म्हातारी आहे, तिच्या हाताला गुण आहे. बामायने भाकरी बांधल्या आणि ती घाट चढली. असं म्हणतात, की ती वाटेने चालली की वर ढगाचा एक तुकडा चाले, तिच्या डोळ्यांपुरती सावली धरून.

ठकू म्हातारीने पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाली, पहाटे दवात फडकं भिजव आणि मिटल्या डोळ्यांवर ठेव. आता बामाय पडली खाडीची बाई. तिला भात ठाऊक, मीठ ठाऊक. तिने पहाटे सगळ्यात हिरवंगार दिसलं ते शेत धरलं, त्यावर फडकं पसरलं आणि उतावीळपणे ते थेट उघड्या डोळ्यांत पिळलं. शेत होतं हरबऱ्याचं! तिची किंकाळी ऐकून मेंढरं उधळली.

म्हातारी धावत आली आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. "अगं बये, हरबऱ्याच्या पानावरची आंब घातलीस व्हय डोळ्यांत? पोट दुखल्यावर घ्यायची ती! आंबट जहाल!"

तिने स्वच्छ पाण्याने बामायचे डोळे धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "एवढी घाई कशापायी? कुनासाठी रडायचंय तुला?"

बामायने चांगुणाचं सगळं सांगितलं. ठकू म्हातारीने तिच्या पापण्या पुन्हा एकदा उलटून पाहिल्या.

"पानी परत आनणं माझ्या हातात न्हाई," ती म्हणाली. "खोटं सांगून तुला ठेवून घ्यायची न्हाई मी. डोळ्यातली आग तेवढी उतरवून देते."

आणि तिने दिली. कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, निवलं की बदलायचं. वाऱ्याला पाठ द्यायची. कामात असताना मुद्दाम आठवण ठेवून पापण्या मिटायच्या. बामाय शिकली आणि परत आली. आग उतरली होती. पाणी मात्र आलं नव्हतं, आणि ती गेली होती पाण्यासाठी.

मग ती बांधावरच्या करंजाखाली बसू लागली, मडकं आणि फडकी घेऊन. मिठागरातली माणसं कामावरून परतताना तिच्यापुढे टेकत, आणि ती त्यांचे डोळे शेके. कुणाकडून तिने काही घेतलं नाही. गोडं पाणी लांबून आणावं लागे, पण तिचं मडकं कधी रितं झालं नाही, असं म्हणतात. धवलारीणसुद्धा आली एकदा, तोंड लपवत. बामायने तिचेही डोळे शेकले, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. माणसं गेली की ती पलीकडच्या धुराकडे बघत बसे.

अशी वर्षं गेली. बामाय म्हातारी झाली. एका दुपारी एक बाई तोंडावर पदर ओढून समोर बसली. बामायने तिच्या पापण्यांवर बोटं ठेवली आणि तिचे हात थबकले. इतक्या जणांच्या पापण्यांना तिने हात लावला होता. अशा खरखरीत, कोरड्या पापण्या तिने एकाच माणसाच्या चाचपल्या होत्या, रोज सकाळी, स्वतःच्या.

"आये," ती बाई म्हणाली, "मना पन येत नाय."

बामायने विचारलं ते एवढंच, "कवापासून गो?"

"सासू गेली तवापासून. समदी रडली, मीच सुकी. मना दगड बोलली." चांगुणाचा आवाज चिरकला. "तवा मना समजला, आये. तू कशी उबी व्हतीस काठावर, त्या समजला."

बामायने फडकं पिळायला घेतलं. चांगुणाने ते तिच्या हातातून घेतलं, पाण्यात बुडवलं आणि न पिळताच आईच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवलं. पाणी गालांवरून ओघळलं, हनुवटीवरून ठिबकलं, पदर भिजला. चांगुणाने तो भिजलेला पदर उचलला आणि आपल्या कपाळाला टेकवला. इतक्या वर्षांनी टेकवला. मग दोघी तिथेच बसून राहिल्या, भरती येऊन होडी सुटायची वेळ टळून गेली तरी.

दुसऱ्या दिवशी करंजाच्या मुळाशी गोडं पाणी पाझरलं. सगळीकडे खारट जमीन आणि मध्येच गोड झरा! काही म्हणतात, बामायच्या डोळ्यांतून त्या दुपारी एक खराखुरा थेंब पडला, त्याचा हा झरा. शहाणे म्हणतात, थेंब कसला, फडक्याचं पाणी ते. यावरून खारोंड्यात अजून भांडणं होतात. मला विचाराल, तर मी सांगणार नाही.

आजही मिठागरात फळी ओढणारा वाफ्याच्या टोकाला पोचला की थांबतो, वाऱ्याला पाठ करतो आणि डोळे मिटतो. त्याला बामायचा विसावा म्हणतात. आणि खारोंड्यातून लेक सासरी निघाली की आईचे डोळे आता आई पुसत नाही. त्या झऱ्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं घेऊन लेकच आईच्या डोळ्यांवर ठेवते आणि मग तिचा भिजलेला पदर आपल्या कपाळाला लावते. तेवढा वेळ धवलारीण गाणं थांबवते आणि सगळं वऱ्हाड खाडीकडे तोंड करून उभं राहतं. पदर कशाने भिजला, ते कुणी बघत नाही.